अगस्ती आणि सुहैल

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याला, प्रवरेकाठच्या अगस्ती आश्रमात महाशिवरात्रीला यात्रा भरते. त्या रात्री चंद्र उगवतो तो अगदी पहाटे. तेव्हा दर्शन आटोपलं की, श्रोतेहो, उजेडापासून जरा बाजूला जा आणि साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडे पाहा. हात लांब केला तर क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर एक ठळक पांढरा तारा दिसेल. व्याधाच्या खालोखाल आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा हाच. नाव अगस्ती. ज्यांची यात्रा, तेच वर!

वाढत चाललेल्या विंध्याला ऋषी म्हणाले, मी परत येईपर्यंत असाच वाकून राहा. दक्षिणेला गेले ते परतलेच नाहीत. 'अग' म्हणजे पर्वत. नावातच ती गोष्ट आहे. आणि ताराही तसाच. दिल्लीत तो क्षितिजालगत रेंगाळतो, दक्षिणेला जावं तसा वर चढतो. गोष्ट रचणाऱ्यानं आभाळ नीट पाहिलं होतं.

अरबांनी याला सुहैल म्हटलं. ऑगस्टअखेर पहाटे सुहैल दिसला की उन्हाचा कहर ओसरतो, असं वाळवंटातली माणसं मानत. आपल्याकडे अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं म्हणतात. वराहमिहिरानं बृहत्संहितेत या ताऱ्यावर वेगळा अध्याय लिहिला आहे. ग्रीकांचं कॅनोपस हे नाव एका नावाड्याचं. तेही शोभतंच, 1964 साली मंगळाकडे निघालेल्या मरिनर-4 यानानं याच ताऱ्यावरून दिशा धरली.

माझ्या भाच्याचं नाव सोहेल. "हे नाव आपल्याकडचं नाही," असं कुणीतरी त्याला सुनावलं. पोरगा दोन दिवस गप्प. मी त्याला गच्चीवर नेलं, तारा दाखवला. म्हटलं, 1597 साली चांदबीबीच्या मदतीला विजापूरची फौज आली, तिचा सेनापती सुहैल खान. हे नाव चारशे वर्षांपूर्वीच या मातीत येऊन लढून गेलंय.

"पण मामू, ताऱ्याचं खरं नाव कोणतं?"

"तुझी नानी सुहैल म्हणायची, आमचे गणिताचे मास्तर अगस्ती. बोट दोघांचंही तिकडंच."

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "किती लांब आहे?"

सुमारे 310 प्रकाशवर्षं. आज डोळ्यांत उतरणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते. बघायचा तर एप्रिल सरायच्या आत बघा. मे महिन्यात तो संधिप्रकाशात हरवतो, आणि पुन्हा भेटतो तो ऑगस्टातल्या पहाटे, ढगांनी वाट दिली तर.