स्थानाचे माहात्म्य सांगणार कोण?

(पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



मैदानाकडे न फिरकणारी मुले एका मोबाईल खेळाने घराबाहेर काढली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जुलै २०१६मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन गो’त घरी बसून फारसे काही हाती लागत नसे. उपग्रहांच्या साहाय्याने मोबाईल आपले स्थान ओळखतो आणि कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या रस्त्यावर काल्पनिक प्राणी उभा करतो. तो शोधायला चालावेच लागते.

प्रश्न आहे तो नकाशाचा. या खेळातील थांबे बव्हंशी त्याच कंपनीच्या ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळातून आले. त्यात खेळाडूंनी सुचविलेली शिल्पे, स्मारके, प्रार्थनास्थळे होती. खेळापुरता त्यांचा अर्थ एवढाच, की येथे प्राणी पकडण्याचे चेंडू मिळतात! हिरोशिमाच्या शांती स्मारक उद्यानातही असे थांबे निघाले. ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वी ते हटवावेत, अशी मागणी तेथील नगर प्रशासनाने केली आणि ते हटविले गेले. आपल्याकडे, खेळातील अंडी मंदिरांत दाखविली जातात म्हणून त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली.

यंत्राला अक्षांश-रेखांश कळतात; पावित्र्य माणसालाच सांगावे लागते. हिरोशिमाने ते सांगितले. आपले काय? तालुक्याच्या हुतात्मा स्मारकावरील नावे आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहेत?

मुलाचा मोबाईल हिसकावू नका. एकदा त्याच्याबरोबर चालत जा. त्याचा खेळ आटोपला, की त्या दगडावरील नावे त्याला मोठ्याने वाचायला सांगा.