तरुण वयात खुब्याचं दुखणं

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरपट्ट्यात पंचविशीतच कुणी लंगडू लागलं, तर त्याचं कारण रक्तातही असू शकतं. गडचिरोली, चंद्रपुरात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या अडवतात. मांडीच्या हाडाचा गोल माथा रक्ताविना खचतो आणि खुब्याचा सांधा अकाली झिजतो. जांघेत कळ येते. उकिडवं बसून मोहफुलं वेचणं जड जातं. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआयमध्ये मात्र कळतं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, खुब्यावरचा भार हलका होतो. सांधा फारच झिजला, तर तो बदलता येतो. दुखणं अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्या.