अम्मीचे गुडघे दुखत नव्हते

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. आज बोलतेय ते अम्मीला विचारून.

वांद्र्याहून मुंब्र्याला खालाकडे जायचं म्हटलं की अम्मी म्हणायची, "गुडघे दुखतात." लग्नं टाळायची, तरावीह अर्धी सोडायची. खरं कारण मला माझ्या बाळंतपणानंतर कळलं. शिंकले की थेंब जायचे. घाबरून तिला सांगितलं, तर म्हणाली, "मला तू झाल्यापासून होतंय." म्हणजे ३४ वर्षं! सजद्यात थेंब गेला की पुन्हा वुजू. एका डॉक्टरांना तिने विचारलंही होतं. "या वयात होतंच," एवढंच उत्तर मिळालं.

पण यावर उपाय आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, तिच्यावर मूत्राशय आणि गर्भपिशवी पेललेली असते. बाळंतपणात ती ताणली जाते. तिच्या व्यायामावर अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली लिहिलं. खोकताना, शिंकताना लघवी गळत असेल तर आज शस्त्रक्रियेआधी हाच व्यायाम सुचवतात, किमान तीन महिने, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली.

यूट्यूब असताना देखरेख कशाला, असं मलाही वाटलं. महिनाभर घरीच केलं. मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितलं, "तुम्ही आवळत नाही, खाली जोर देताय." मी उलटंच करत होते! गॅस अडवताना आवळतो तसं आत-वर ओढायचं. श्वास रोखायचा नाही, मांड्या घट्ट करायच्या नाहीत, मग पूर्ण सैल सोडायचं. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा. अम्मीने फज्र, जुहर, इशानंतरची वेळ धरली. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, हेही ती शिकली.

पाणी पिणं कमी करू नका, अम्मी तेच करायची. लघवीत रक्त, जळजळ, दुखणं असेल तर आधी डॉक्टरकडे जा.

आपल्या मुंबईत, परळच्या केईएममध्ये, १९५३ पासून फिजिओथेरपी शिकवतात. तरी आपल्या घरांत ती फक्त पाठ-गुडघ्यांसाठी! रुग्णालयात गेलात तर स्त्री फिजिओथेरपिस्ट मागा, लाजू नका. आणि भावांनो, अम्मीला विचारणं तुम्हाला जमणार नाही. बहिणीला, बायकोला तरी हे सांगा.

अम्मीची गळती पूर्ण थांबलेली नाही. एक जादा सलवार पिशवीत असते. पण मागच्या महिन्यात दादरला गाडी बदलून ती मुंब्र्याला गेली आणि दोन दिवस राहिली.