जिरायतीच्या वाट्याचे शेणखत

(सोलापूर येथे शेतकरी बांधवांसमोर केलेले भाषण)



ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानची शेती पाहण्यास धाडलेल्या डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात स्पष्ट नोंदविले की, येथील शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानामुळे नव्हे, सरपण मिळत नाही म्हणून.

प्रदेशागणिक रीत निराळी. कोकणात भाताच्या रोपांसाठी शेण नि पालापाचोळा जाळून राब भाजतात. पावसाळा सरताच देशावरचे धनगर घाट उतरतात. त्यांच्या मेंढ्या रात्री शेतात बसविल्या जातात, मोबदल्यात धान्य मिळते. आपल्याकडे खिलार बैल हेच औताचे बळ आणि तेच खताचे मूळ होते.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. बागायत वाढली, बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. उरलेसुरले शेणखत ऊस-डाळिंबाकडे वळते आणि शाळूचे रान उपाशी राहते. वास्तविक शेणखतात नत्र शेकडा अर्ध्याच्याच आसपास. त्याचे खरे मोल जमिनीचा पोत राखण्यात आणि ओल धरण्यात आहे. रब्बी ज्वारी तर साठल्या ओलीवरच पोसते! म्हणजे ज्या रानाला खताची निकड अधिक, तेच वंचित.

यावर उपाय आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवून उत्तम खत सिद्ध केले. तुरीच्या काड्या, पाचट पेटवू नका, खड्ड्यात घाला. त्यातील पहिली गाडी जिरायतीच्या रानात जाऊ द्या, एवढीच विनंती.