आधी ड्रायव्हरला शिकवा



आज पदवी घेणाऱ्या सगळ्यांचं अभिनंदन. तुमच्यापेक्षा तुमच्या आईवडिलांचं थोडं जास्त. नर्सिंग कॉलेजच्या दीक्षान्त समारंभाला पाहुणे म्हणून डॉक्टर येतात, आमदार येतात. निवृत्त सिस्टरला बोलावलेलं मी पहिल्यांदाच पाहते आहे. तेव्हा माईक हातात आहे तोवर बोलून घेते.

माझी बहुतेक नोकरी मुंबई-आग्रा महामार्गालगत, सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत गेली. कसारा घाटातल्या केसेस आमच्याकडे यायच्या. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सुरू झाली २०१४ मध्ये. त्याआधी जखमी माणूस यायचा तो टेम्पोत, जीपमध्ये, नाहीतर ट्रकच्या केबिनमध्ये क्लीनरच्या मांडीवर डोकं ठेवून. त्याला पहिला हात लागायचा तो कुठल्यातरी ड्रायव्हरचा. आता रुग्णवाहिका आहे, पण ती पोचेपर्यंत रात्री दोन वाजता घाटात दुसरं असतं कोण?

फौजेतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर मला आठवतात. दुसऱ्याच गाडीच्या क्लीनरला घेऊन आले होते. पोराच्या मांडीची धमनी तुटलेली. यांनी गमछ्याची घडी करून जखमेवर दाबली आणि दवाखाना येईपर्यंत हात काढला नाही. बघू तरी किती लागलंय, म्हणून कापड उचललं नाही. ते भिजलं तेव्हा त्यावरच दुसरं ठेवलं. हे त्यांना लष्करात शिकवलं होतं. असं रक्त जायला लागलं की काही मिनिटांत खेळ आटोपतो, मग पुढे कितीही मोठा सर्जन उभा असो. पोरगा वाचला.

आणि त्या ड्रायव्हरसाहेबांचं आम्ही काय केलं? नाव सांगा, गाव सांगा, ही औषधं बाहेरून आणा, पोलीस येईपर्यंत बाकावर बसा. गाडीत टोमॅटो भरलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना सोडलं. जाताना म्हणाले, "सिस्टर, अगली बार नहीं रुकूँगा."

मग कायदा बदलला. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. मदत करणाऱ्याने नाव सांगायचं की नाही, ही आता त्याची मर्जी. दवाखान्याला त्याला अडकवून ठेवता येत नाही. पण हे ड्रायव्हरला सांगितलं कुणी? मी धाब्यांवर विचारलेलं आहे. "लफडा नको" एवढंच उत्तर मिळतं. २०२४ च्या जानेवारीत अपघात करून न कळवता पळणाऱ्या ड्रायव्हरला नव्या फौजदारी कायद्यात ठेवलेल्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेवरून ट्रकवाल्यांचा संप झाला, पंपांवर रांगा लागल्या, तुम्हाला आठवत असेल. थांबलो तर जमाव मारेल, हे तेव्हा ते ओरडून सांगत होते. जखमीला दवाखान्यात नेण्याची जबाबदारी अपघातातल्या गाडीच्या ड्रायव्हरवर टाकणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही जमावाच्या रोषाचा अपवाद लिहिलेला आहे. म्हणजे ही भीती कायदा करणाऱ्यांनाही माहीत होती.

आता आपल्या धंद्याविषयी बोलते. राग आला तर येऊ द्या. प्रथमोपचार म्हणजे स्काउटच्या पोरांचं काम, असं आपल्याकडे मानतात. डॉक्टरांना ते कमीपणाचं वाटतं आणि त्यांचं बघून सिस्टरांनाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरकारी अभ्यासक्रमात प्रथमोपचार आहे, पण तो शिकून आलेला ड्रायव्हर मला भेटायचा आहे. गाडीत पेटी असते. पासिंगच्या दिवशी तीच पेटी एका गाडीतून दुसरीत फिरते. उघडलीत तर आत मुदत संपलेलं आयोडीन आणि पिवळा पडलेला कापूस. रस्ता सुरक्षा सप्ताहात मी कितीतरी शिबिरांना गेले. एसी हॉल, इंग्रजी स्लाइड्स, समोसा, फोटो, प्रमाणपत्र. समोर बसलेल्या एकाही ड्रायव्हरने कुणाची मान धरून पाहिली नाही, की एक पट्टी बांधली नाही.

मान म्हटलं की एक तरुण शिक्षक आठवतात. मोटरसायकलवरून पडले होते. चार भल्या माणसांनी हातपाय धरून उचललं, पाणी पाजलं, जीपच्या मागच्या बाजूला मुडपून घातलं. मानेखालचं सगळं अंग गेलं. ते पडताना गेलं की उचलताना, हे कुणीच सांगू शकलं नाही. त्या चौघांना मी बोल लावत नाही. माणुसकी त्यांच्याकडे होती, शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं. फीट आलेल्याला चप्पल हुंगवणारे, जखमेत हळद किंवा चहापत्ती भरणारे, भाजल्यावर टूथपेस्ट थापणारे, हे सगळे मदतच करत असतात.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. यातली सगळी वाचली असती असं म्हणणारी मी नाही. पण रक्त कसं दाबायचं, बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला मान सरळ ठेवून कुशीवर कसं वळवायचं, छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा कशी दाबायची, आणि कुणाला अजिबात हलवायचं नाही, एवढं शिकवायला एक दुपार पुरते. छातीचं दुखणं ओळखायला शिकवलं तर ड्रायव्हरचाही जीव वाचतो. केबिनमध्ये छातीत दुखायला लागलं की तो ॲसिडिटी समजून सोडा पितो आणि गाडी पुढे काढतो. आता कितीतरी गाड्यांवर क्लीनरही नसतो.

म्हणून एकच मागते. नोकरी कुठेही करा, पण जवळच्या ट्रक टर्मिनलवर जा. प्रोजेक्टर नेऊ नका. जुन्या चादरी आणि दोन उशा न्या, हिंदीत बोला, आणि त्यांच्या हातांनी करवून घ्या. कलम १३४ अ तोंडपाठ सांगा. प्रमाणपत्र नाही दिलं तरी चालेल. आणि प्राचार्य मॅडम, हे मुलांच्या मर्जीवर सोडू नका. कम्युनिटी पोस्टिंगच्या ड्यूटी लिस्टमध्येच टर्मिनलचा एक दिवस लिहा. पुढच्या वर्षी तुम्ही मला बोलवा किंवा बोलवू नका, ती यादी बघायला मी येणार आहे.