परतीची वाट, नवे वर्ष



आपले नववर्ष गुढीपाडव्याला उजाडते. तरीही भिंतीवरची दिनदर्शिका बदलली की प्रत्येकाच्या मनात एखादा संकल्प जागा होतोच. पहाटे उठायचे, व्यसन सोडायचे, रागाला आवर घालायचा. यातील बहुतेक संकल्प संक्रांतीच्या तिळगुळापर्यंतही टिकत नाहीत. मग माणूस स्वतःची समजूत घालतो, ‘या वयात स्वभाव थोडाच बदलणार?’ या निराशेला एक उत्तर आपल्या शेजारीच मिळाले आहे.

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीत अकरा नक्षलवाद्यांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर आत्मसमर्पण केले. त्यांत विमला सिडाम ऊर्फ तारक्का होती. १९८३ मध्ये ती दलममध्ये गेली, तेव्हा गडचिरोली आपल्या चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. जिल्हा वाढला, पण तिचे आयुष्य जंगलात बंदुकीच्या सावलीत गेले. ज्या वाटेवर चार दशके घालवली, ती चुकली असे मान्य करायला बंदूक उचलण्याहून अधिक धैर्य लागते. त्याच दिवशी गर्देवाड्यासारख्या दुर्गम गावासाठी एस.टी. सुरू झाली. एका बाजूने माणसे जंगलातून बाहेर येत होती, दुसऱ्या बाजूने रस्ता आत जात होता. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये तारक्काचा पती, पॉलिट ब्युरोचा सदस्य भूपती हाही साठ सहकाऱ्यांसह याच वाटेने परतला.

पण शस्त्र ठेवणे हा एका दिवसाचा प्रसंग असतो. बदल ही रोजची साधना असते. भूमिगत राहिलेल्या माणसाला शिधापत्रिकेपासून सुरुवात करावी लागते. आज्ञेवर चालण्याची सवय झालेल्याला स्वतःचे निर्णय स्वतः घ्यावे लागतात. दलममध्ये विवाहाची परवानगी मिळाली, तरी पुरुषाची नसबंदी केली जात असे. आत्मसमर्पणानंतर काहींनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यांच्या घरी पाळणा हलला. आशावाद याहून वेगळा काय असतो?

मात्र या आशेची दुसरी बाजू विसरता येणार नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा पोलीस हुतात्मा झाले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांचा वाहनचालक गेला. ‘खबऱ्या’ ठरवून मारलेले वनवासी बांधव तर किती! त्या घरांतही नवे वर्ष येते. जेवणाच्या पंगतीत एक पाट रिकामाच राहतो. त्या मातेकडे क्षमा मागण्याचा अधिकार असेलही, पण तिने ती द्यावीच असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणालाही नाही. परतलेल्यांनी हे ऋण उरलेल्या आयुष्याच्या आचरणाने फेडावयाचे आहे.

वाल्याचा वाल्मीकी झाला, ही कथा आपण मुलांना सांगतो. तपश्चर्या त्याची, हे खरेच. पण आधी नारद थांबले, बोलले, प्रश्न विचारला. शासनाची आत्मसमर्पण योजना २००५ पासून आहे. तिच्यातून अर्थसाहाय्य मिळते. शेजार मात्र योजनेतून मिळत नाही. अशा माणसाला खोली भाड्याने द्यायची, काम द्यायचे, त्याच्या मुलाला आपल्या मुलाशेजारी बाकावर बसू द्यायचे, हे समाजाला करावे लागते. तेथे आपण नारद होणार की दार लावून घेणार?

चाळीस वर्षांचे वळण जर बदलू शकते, तर आपल्या घरातील अबोला, एखादे व्यसन, मनात धरलेली अढी यांची काय कथा? यंदा संकल्प मोडला तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा. आणि आपल्या ओळखीतील एखादा माणूस चुकलेल्या वाटेवरून परतत असेल, तर त्याच्या येण्याच्या वेळी दारात दिवा असावा, एवढे तरी पाहावे.