चुकीला पुन्हा आकार



प्रदर्शनातील पोळ्याचा तो पांढरा बैल आपण पाहिलाच असेल. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लॅस्टिकचे दाणे सुमारे ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात मऊ व पारदर्शक होतात. हाताने आकार द्यावा. थंड होताच ते पांढरे, टणक बनतात.

ही कला आपल्या छत्तीसगडला परकी नाही. कुसुम व पळसाच्या फांद्यांवरील किड्यांपासून मिळणारी लाखही उष्णतेने वळते. तिच्याच बांगड्या घडतात.

त्या बैलाचे शिंग तीनदा मोडले. रडवेल्या मुलाला बाईंनी ते पुन्हा गरम पाण्यात सोडायला सांगितले. ते पाहताना मला पूर्वीची एक विद्यार्थिनी आठवली. तिच्या मोडक्या कलाकृतीचे गुण मी कापले होते. तिने पुन्हा हस्तकलेला हात लावला नाही. ती खंत आजही मनात आहे.

मुलांनो, पीव्हीसीच्या नळ्या घरी विस्तवावर वितळवू नका. त्यांचा धूर घातक असतो. आणि शिक्षकहो, गुण देण्यापूर्वी दुसरी संधी द्या. गुढियारीतील या शाळेकडून हीरक महोत्सवी वर्षात माझी एवढीच अपेक्षा आहे.